तारांमधलं वीतभर अंतर

धान कापणीला आला की माझा माणसांवरचा विश्वास थोडा कमी होतो.

आता यात धानाचा काय दोष! परवा गोंदियाहून केशोरीकडच्या एसटीत बसले तेव्हाही तसंच झालं. गोरेगावला बाजाराचा दिवस होता. बाया-माणसं चढली. कोणाच्या हातात धार लावून आणलेले विळे, कोणाच्या डोक्यावर वांग्यांची टोपली. गाडी गावाबाहेर पडली आणि खिडकीतून तो वास आला. कापलेल्या धानाचा. ओलसर, किंचित गोड, खालचा चिखल अजून पुरता वाळला नाही असं सांगणारा. शेजारच्या बाईनं डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. मी मात्र मांडीवरची पिशवी नकळत जवळ ओढली. पिशवीत बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि केळी होती, चोरण्यासारखं काही नव्हतं. पण एका कापणीनं माझ्या नाकाला अशी सवय लावून ठेवली आहे. हा वास आला, की कोण कुठे बघतंय ते आधी बघायचं.

ती कापणी आई गेली त्या वर्षीची.

आई उन्हाळ्यात गेली. पावसाळा कसाबसा निघाला. दिवाळीच्या आधी एका सकाळी बाबांचा फोन आला. बाबा फोनवर कधी हळू बोलत नाहीत. सगळी नोकरी पोलिसांच्या वायरलेसवर गेलेली, त्यामुळे पलीकडच्याला ऐकू येत नसणार असं धरूनच ते बोलतात. त्या दिवशी मात्र कुजबुजत होते.

"बाई, कोणीतरी माह्या तारा हलवून रायलं."

"कोणत्या तारा?"

"फोनवर नाई सांगत," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तारा म्हणजे त्यांच्या अँटेनाच्या. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, शेतीत लक्ष घालतात. बाबांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला आणि घराच्या बाजूच्या खोलीत यंत्र मांडलं. आमच्या भागात नक्षलवाद्यांमुळे रानातल्या वायरलेसला एकेकाळी फार वजन होतं. कोण कुठे दिसलं, कोणत्या पाऊलवाटेनं गेलं, सगळं त्या खरखरीतून यायचं. बाबांचं काम ऐकण्याचं होतं. सांगणारा काय सांगतो त्याहून काय लपवतो ते ऐकायचं, असं त्यांना शिकवलेलं. असा माणूस घरी येऊन एकदम भोळा होत नाही. आईनं भाजीत मीठ जास्त पडल्याचं लपवलं तरी त्यांना तिच्या चालीवरून कळायचं.

अँटेना साधाच. घराच्या मधोमध उभा केलेला लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीतून दोरी. वरून दोन्ही बाजूंना छपराच्या उतारासारख्या खाली येणाऱ्या तांब्याच्या तारा. प्रत्येक बाजूला दोन, वरची लांब आणि खालची आखूड, दोन वेगळ्या लहरींसाठी. या दोघींनी एकमेकींपासून वीतभर अंतर राखायचं असतं, सगळीकडे सारखं. जवळ आल्या की मीटरचा काटा चढतो आणि पाठवलेला आवाज बाहेर जायच्या ऐवजी यंत्राकडेच परततो. म्हणून मध्ये मध्ये वायरिंगच्या प्लॅस्टिक पाइपाचे वीतभर तुकडे, दोन्ही टोकांना भोकं पाडून तारांत ओवलेले. बाबा त्यांना स्पेसर म्हणतात. आई म्हणायची, "तुमच्या तारेच्या काड्या."

तुकडे ओवणं सोपं असतं, ते जागेवर ठेवणं कठीण. तार वाऱ्यानं सारखी थरथरते आणि तुकडा उताराला लागल्यासारखा हळूहळू खाली सरकतो. बाबांनी प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून पाहिल्या, त्या उन्हानं कडक होऊन तुटल्या. चिकटपट्टी लावली, मे महिन्यात तिचा गोंद वितळून तारेवर ओघळला. शेवटी नायलॉनच्या दोरीच्या गाठी, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना. त्या गाठी टिकल्या होत्या. आई होती तोवर तरी टिकल्या होत्या.

मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त काचपट्टीवर बघायचं आणि जे निरोगी दिसतं त्यात काय बिघडलंय ते शोधायचं, हाच माझा धंदा. म्हाताऱ्या माणसांना अचानक संशय यायला लागले, कोणी माझं हे नेतं, कोणी माझं ते हलवतं असं ती म्हणायला लागली, की पुढे काय येऊ शकतं हे लॅबमधल्या डॉक्टरांच्या बोलण्यातून मी ऐकलेलं होतं. नागपूरला दादाला फोन केला. दादा माझा थोरला भाऊ. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. कापणी झाली की मी त्यांना इकडे घेऊन येतो. तो रेडिओ आता बस्स झाला. तू आधी जाऊन बघ, डोकं कितपत ठिकाणावर आहे ते."

म्हणजे मी गावाला गेले ते वरवर धान कापून घ्यायला. खरं तर बाबांना तपासायला गेले होते.

पोचले तेव्हा बांध्यांमध्ये, धानाच्या त्या बांध घातलेल्या वाफ्यांत, पाणी नव्हतं, पण पायाखाली जमीन अजून मऊ होती. हलका, लवकर येणारा धान कापून त्याच्या कडपा वाळायला पसरलेल्या होत्या, उशिराचा भारी धान उभा होता, पिवळा, मान टाकलेला. तळ्याच्या पाळीवर बगळे. गावोगावच्या मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेची तयारी चालू होती, कुठून तरी दंडारीच्या नाटकाच्या तालमीतला ढोलकीचा आवाज येत होता. बाबा दारातच उभे होते. दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला. मी पाया पडले तर म्हणाले, "आवाज करू नोको. इकडे ये."

मला वाडीत नेलं. अँटेनाची उगवतीकडची बाजू आमच्या आणि दसरूकाकांच्या कुंपणावरच्या जांभळीला बांधलेली आहे, तिथे तारा बऱ्याच खाली येतात. तांब्यावर लाल ऑइलपेंटचे ठिपके दिसत होते.

"हे पाय. इथं मी निशाण केलं. अन काडी कुठं हाय? हातभर खाली. काल बरोबर केली होती."

"वाऱ्यानं सरकली असेल."

"वारा काय एकाच बाजूनं पायते? मावळतीकडची एकबी नाई हलली. फक्त ह्या."

आणि मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांच्या संशयितांच्या यादीत मीही असावी.

यादी मोठी होती. विजेचा लाइनमन, कारण तो वर बघत गेला होता. डिशवाला, कारण तो वर न बघता गेला होता. आणि दसरूकाका, कारण जांभूळ.

दसरूकाका आमच्या वाडीला लागून राहतात. जंगलखात्यात वनमजूर होते. बाबांच्याच वयाचे, बाबांबरोबर तळ्यात पोहायला शिकलेले. बायको कधीचीच गेलेली, मुलगी लग्न होऊन देवरीकडे. बकऱ्यांशी गोंडीत बोलतात आणि माणसांशी झाडीबोलीत, आणि माझा अंदाज आहे की बकऱ्यांशी जास्त बोलतात. जांभूळ कोणाच्या धुऱ्यात, म्हणजे कोणाच्या हद्दीच्या बांधात, यावरून त्यांचं आणि बाबांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. आईनं मध्ये पडून मिटवलं होतं. आता आई नव्हती.

दुसऱ्या दिवशी बांधीत कापणाऱ्या बायांपाशी गेले. त्यातली मंजुळाबाई विळा न थांबवता म्हणाली, "तुमच्या बाबाच्या तारेनं धानावर तुडतुडा आला म्हंते लोक."

"कोण म्हणते?"

"लोक."

"म्हणजे कोण?"

"मी नाई म्हणत बाप्पा," ती म्हणाली आणि धानाच्या पुढच्या चुडाला हात घातला. बाकीच्या बाया माना खाली घालून हसल्या. मी त्यांच्यातल्या एकेकीकडे पाहत राहिले. हिच्या घरातलं कोणी येत असेल का? हिच्या? धान कापताना बाया एका ओळीत वाकून सरकतात, त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त पाठी दिसतात. पाठीवरून काय ओळखणार!

मग मी लॅबमधली युक्ती केली. बाबांचे लाल ठिपके बाबांनीच केलेले, ते चुकीच्या जागी केले असतील तर? म्हणून सकाळी बाबा आंघोळीला गेल्यावर मी पर्समधला बारीक मार्कर काढला, स्टुलावर चढले आणि खालच्या दोन काड्या जिथे होत्या अगदी तिथे, तारेच्या खालच्या अंगाला, दिसणार नाहीत असे काळे ठिपके दिले. स्वतःच्या बापाची परीक्षा घेत होते मी. त्यांना पाणी तापवून देताना मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. आणि ते ओळखणाऱ्यातले. "काय लपवून रायली?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही."

दुपारी पाहिलं तर दोन्ही काड्या माझ्या ठिपक्यांपासून हातभर सरकलेल्या. नायलॉनच्या गाठी सैल.

यातून एवढंच सिद्ध झालं, की काड्या खरंच सरकत होत्या. कोण सरकवतं ते नाही. बाबा स्वतःच सरकवून विसरत असतील तर? अशी माणसं स्वतःच वस्तू लपवतात आणि चोर शोधत फिरतात. मी हे दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन येतो. त्यांचे कपडे काढून ठेव."

मी कपडे काढून ठेवले नाहीत. पण कोणते घ्यावे लागतील ते कपाट उघडून पाहून ठेवलं.

बाबांचा दिवस तेव्हा असा होता: सकाळी खोलीत जायचं, दार लावायचं, कानावर हेडफोन. पूर्वी ते बोलायचे, हसायचे, कोलकात्याच्या कोणाला इथल्या पावसाचं सांगायचे. आई गेल्यापासून नुसतं ऐकत. दुपारी सगळ्या रेडिओवाल्यांची हजेरी असते, त्या वेळी फक्त आपली कॉल साइन सांगायची, "हजर" म्हणायचं, आणि पुन्हा गप्प. दारावर थाप मारली तरी ऐकू जायची नाही. ताट ठेवलं तर तसंच राहायचं. त्या हजेरीच्या आधी एकदा मीटर बघायची त्यांची सवय, आणि तेव्हाच काटा चढलेला दिसायचा. मग दार उघडायचं.

शुक्रवारी मी बांधीत होते. कापणाऱ्यांसाठी ठेवलेलं ताक घरी विसरलं म्हणून भर दुपारी परत आले. वाडीच्या मागच्या बाजूनं, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाजवळून. आणि थांबले.

कुंपणापलीकडे दसरूकाका उभे होते. हातात टोकाला आकडा बांधलेला चिंचा पाडायचा लांब बांबू. ते मान वर करून, जीभ दातांत धरून, त्या आकड्यानं आमच्या तारेवरची काडी खाली ओढत होते. धसमुसळेपणा नाही. तार तुटू नये म्हणून हळूच, लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. एक झाली, दुसरी झाली. मग त्यांनी बांबू जांभळीला टेकवला, बाजेवर जाऊन बसले आणि बिडी पेटवली.

पुढे होऊन त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण आधी याचा हेतू काय तो बघू म्हणून मी तशीच उभी राहिले. तणसाचे बारीक तुकडे मानेवर टोचत होते.

बिडी संपायच्या आत आमच्या घरात दार आपटलं. बाबा बाहेर आले. अनवाणी, तोंडानं शिव्या चालू. "कोणाच्या मायचा हात लागते इथं, दाखवतोच त्याले!"

"काय झालं गा, शिवा?" दसरूकाकांनी बसल्या जागेवरून विचारलं. इतक्या निष्पापपणे, की मीच क्षणभर गोंधळले.

"काड्या सरकल्या पुन्हा."

"अरे बाप्पा. थांब, दोरी मी धरतो."

आणि ते बेशरमीच्या झुडपांच्या कुंपणातून वाट काढत आमच्या वाडीत आले. दोघांनी दोरी सोडून तारा खाली घेतल्या. उन्हात बसून गाठी सोडल्या, काड्या जागेवर आणल्या, पुन्हा गाठी मारल्या. बाबा रागानं बोलत होते, मग नुसते बोलत होते, मग चक्क काहीतरी सांगत होते, हातवारे करून. दसरूकाका हूं हूं करत होते. काम झालं तेव्हा ते म्हणाले, "पोपटाच्या शेंगा शिजवल्या हायेत, चाल." बाबा गेले. कुंपणापलीकडच्या ओसरीत बसून त्यांनी भात आणि शेंगांची भाजी खाल्ली, दुसऱ्यांदा मागून घेतली. ताक तसंच राहिलं. मी ते सगळं बघत उभी होते, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

मला दिसत होती ती फक्त जांभूळ. वाटलं, हा डाव आहे. म्हाताऱ्याला वेडं ठरवायचं, मुलं त्याला नागपूरला नेणार, घर बंद पडणार, आणि धुरा, जांभूळ, हळूहळू वाडीसुद्धा. असे प्रकार मी ऐकले होते. संशयाला एकदा जागा दिली की तो स्वतःच घर बांधतो, विटाही स्वतःच आणतो.

दुसऱ्या सकाळी मी कुंपण ओलांडून गेले. दसरूकाका बकऱ्यांना पाला टाकत होते.

"काका, कायले करता हे?"

"काय?"

"काल पाहिलं मी. बांबूनं."

त्यांनी पाला खाली ठेवला. नाकारलं नाही. बराच वेळ बकरीच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"तुझी माय गेली," ते म्हणाले, "त तो खोलीतून निघालाच नाई. मी आवाज दिलो. तो कानाले ते लावून बसते, त्याले आयकू येत नाई. पोळ्याले गेलो, दार नाई उघडलं. मी म्हटलं, हा असाच जाईन एक दिवस, अन मले मालूम बी नाई होणार. मंग एक दिवस वारा आला, वाऱ्यानं तार गुंतली. तो बाहेर आला. उन्हात बसला. मले शिव्या देल्या. अन त्या दिवशी तो जेवला, बाई."

"म्हणून तुम्ही..."

"वारा काय रोज येते?"

मी कुंपणाला धरून उभी राहिले. विचारलं, जांभळीचं काय? ते खरोखरच गोंधळले. "जांभळीचं काय?"

आणि तरी, खरं सांगायचं तर, माझा संशय तिथल्या तिथे मेला नाही. घरी येताना मी मनात त्यांचं प्रत्येक वाक्य पुन्हा तपासत होते, कुठे फट आहे का म्हणून. फट नव्हती. पण फट नाही याचाच मला राग आला.

मोठा पेच पुढे होता. रविवारी दादा येणार. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे हे दादाला पटवायचं तर काड्या कोण हलवतं ते सांगावं लागणार, आणि ते बाबांना कळणार. बाबांसारख्या माणसाला, ज्यानं जन्मभर दगा ओळखण्याचीच नोकरी केली, त्याला कळणार की त्याचा बालमित्रच रोज त्याला फसवत होता. मी दसरूकाकांना म्हटलं, "मी दादाला कसंतरी समजावते, तुमचं नाव नाही घेत."

ते बकऱ्यांना आत बांधायला गेले.

दादा आला तो गाडी दारातच वळवून उभी करून. चहा झाला. तो बाबांना म्हणाला, "थोडे दिवस चला, डॉक्टरांना दाखवू." बाबा म्हणाले, "कायले? मी काय येडा झालो?" दादा समजुतीच्या आवाजात म्हणाला, "तसं नाही बाबा, पण कोणी तारा हलवतं, असं तुम्हाला वाटतं..."

"वाटत नाई, हलवते!"

"कोण हलवणार बाबा? कशासाठी?"

बाबा माझ्याकडे वळले. "बाई, तू सांग. तू पायलं ना?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात दाराशी सावली पडली. दसरूकाका धुतलेला सदरा घालून आले होते. आत आले नाहीत, चौकटीला धरून उभे राहिले.

"त्याचं डोकं बरोबर हाय," ते दादाला म्हणाले. "तार मीच हलवत होतो. रोज. बांबूनं."

दादाचा कप हातातच राहिला. बाबा त्यांच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं ओरडतील. दसरूकाकांनी का केलं ते सांगितलं नाही, जणू तेवढं सांगितलं की मैत्रीची किंमत मागितल्यासारखं होईल. ते मीच सांगितलं, दोन वाक्यांत. तोवर ते निघून गेले होते.

बाबा उठले आणि खोलीत गेले. दार लागलं.

दादा संध्याकाळी एकटाच परतला. जाताना गाडीत बसून म्हणाला, "ये अच्छा हुआ या बुरा, समझ में नहीं आ रहा." मलाही समजत नव्हतं.

सोमवारी सकाळी बाबांनी तारा खाली घेतल्या. मदतीला मला बोलावलं, शेजारी हाक मारली नाही. नायलॉनच्या सगळ्या गाठी कापून टाकल्या. प्रत्येक काडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळली आणि तिच्यावर सोल्डर वितळवून डाग दिला. मी सोल्डरिंग आयर्नची लांब वायर धरून त्यांच्या मागे मागे. सोल्डरमधल्या राळेचा धूर, उन्हात तापलेलं तांबं, आणि बाबांचे हात जराही न थरथरणारे. असं पक्कं काम मी त्यांचं पूर्वी पाहिलं नव्हतं. काडी हातानं ओढून पाहिली, हलेना. बांबूनं काय, दोरीनं ओढली असती तरी तार तुटली असती, काडी सरकली नसती.

"आता पाहू कोण सरकवते," ते म्हणाले.

कोणीच सरकवली नाही. मीटरचा काटा तळाशी राहिला. दुपारची हजेरी वेळेवर झाली. आणि दार दिवसभर बंद राहिलं. मी ताट ठेवलं ते तसंच परत आलं. कुंपणापलीकडे दसरूकाका बाजेवर बसत, आमच्या तारांकडे बघत, आणि मी दिसले की बकऱ्यांकडे बघत. चिंचा पाडायचा बांबू कुठे दिसत नव्हता.

आमचा भारी धान कापून झाला, भाऱ्यांचे पुंजणे रचले गेले. गावातली मंडई झाली, आमच्या घरातून कोणी गेलं नाही. रिकाम्या बांध्यांमध्ये धानामागून पेरलेल्या लाखोळीच्या डाळीची हिरवी पानं वर आली. माझी रजा संपली.

निघायच्या सकाळी मी पिशवी भरत होते. बाबा वाडीत होते, कशासाठी ते कळत नव्हतं, कारण तारांना काही झालं नव्हतं. मग त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, वायरलेसवरचा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

"काऊन गा दसरू, मले सांगता येत नोहतं? बाहेर ये म्हणून?"

मग पलीकडून, "सांगलो असतो त आला असता?"

मी खिडकीशी उभी होते. बाबा विचार करत होते. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, फक्त ओळखायची होती.

"नसतो आलो," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय. चाय मांड."

ते कुंपणातून वाकून पलीकडे गेले. मी एसटीसाठी निघाले तेव्हा दोघे ओसरीत पाठमोरे बसले होते, मला निरोप द्यायलाही वळले नाहीत.

त्यानंतर दोन कापण्या गेल्या. मी अधूनमधून फोन करते. बाबा पूर्वीसारखे ओरडून बोलतात. दादा आता नागपूरचं नाव काढत नाही. हे सगळं ठीक आहे. फक्त, गेल्या काही महिन्यांत बाबांच्या बोलण्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं: "काडी सरकली होती, मी अन दसरूनं केली बरोबर." पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. पुन्हा ऐकलं तेव्हा मी लॅबमध्ये हातातली काचपट्टी खाली ठेवली. सोल्डर केलेली काडी सरकते कशी?

म्हणून परवाची ती एसटी. घरी पोचले तेव्हा अँटेना खालीच घेतलेला होता. दोघे म्हातारे उन्हात बसलेले, मध्ये तारा पसरलेल्या. दसरूकाका दोरीचा पीळ काढत होते. बाबांची दाढी केलेली होती, सदरा सरळ होता.

मी पिशवी ठेवली आणि तार हातात घेतली. सरकलेल्या काडीच्या जागी तांबं चमकत होतं. तिथला डाग तुटलेला नव्हता, झिजलेला नव्हता, खरवडलेला नव्हता. तो तापवून, वितळवून, फडक्यानं नीट पुसून काढलेला होता. मी काचपट्ट्या बघून डोळे तयार केलेली बाई आहे, मला हे कळतं. आणि एवढंही कळतं, की सोल्डरिंग आयर्न या गावात एकाच घरात आहे.

"इतकं पक्कं केलं तरी कशी सरकते, कोणास ठाऊक," दसरूकाका दोरीकडे बघत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजेना. त्यांना माहीत असेल, किंवा नसेल.

मी बाबांकडे पाहिलं. ते आकाशाकडे बघत होते, तिथे काही नसताना.

"नुसती पाहून काय रायली?" ते म्हणाले. "तार धर."

मी तार धरली.